ऑटोजायरो : सुरुवातीची यंत्रे

ऑटोजायरो म्हणजे डोक्यावर मोकळा फिरणारा रोटर (लांब पात्यांचे आडवे चक्र) आणि पुढे नेणारा नेहमीचा पंखा, सुरुवातीच्या यंत्रांत नाकाशी, असलेले विमान. इंजिनाची ताकद पंख्याला मिळते. रोटरला उड्डाणात इंजिन फिरवत नाही. यंत्र पुढे सरकताना पात्यांमधून खालून वर जाणारी हवा त्याला फिरवत ठेवते. हेलिकॉप्टरशी त्याची नेहमी गल्लत होते, पण हेलिकॉप्टरचा रोटर इंजिनावर चालतो आणि हवा खाली ढकलतो. ऑटोजायरोला हवेत एका जागी थांबता येत नाही. मात्र इंजिन बंद पडले तरी रोटर फिरतच राहतो आणि यंत्र सावकाश खाली येते.

स्पॅनिश अभियंता हुआन दे ला सिएर्वा (1895–1936) याला नेमके हेच हवे होते. त्याचे तीन इंजिनांचे विमान 1919 मध्ये जमिनीलगत वेग कमी होऊन स्टॉल झाले, म्हणजे पंखांची उचल (वर उचलणारे बल) अचानक तुटली, आणि ते कोसळले. विमान मंदावले तरी पंखांचा वेग टिकावा, यासाठी त्याने पंखच फिरते केले. ‘ऑटोजायरो’ हे नावही त्याचेच. ते व्यापारी नाव होते.

पहिली तीन यंत्रे अपयशी ठरली आणि याचे कारण समजले की हा विषय निम्मा समजतो. समजा, पात्याच्या टोकाचा वेग ताशी 400 किमी आहे आणि यंत्र ताशी 100 किमीने पुढे जात आहे. पुढे येणाऱ्या पात्याला 500 किमीचा वारा मिळतो, मागे जाणाऱ्याला 300 किमीचा. उचल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे एका बाजूला दुसरीच्या पावणेतीनपट उचल. घट्ट बसवलेल्या पात्यांनी यंत्र कुशीवर उलटणारच. पहिल्या यंत्रात, सी.1 मध्ये, उलट दिशांना फिरणारे दोन रोटर एकावर एक बसवून पाहिले, पण वरच्याच्या प्रभावामुळे खालचा हळू फिरू लागला आणि तोल साधला नाही. लवचिक वेताच्या पात्यांची छोटी प्रतिकृती मात्र नीट उडत होती. त्यावरून सिएर्वाने चौथ्या यंत्राच्या, सी.4 च्या, प्रत्येक पात्याच्या मुळाशी आडवी बिजागरी बसवली. जास्त उचल मिळणारे पाते वर उठते, उठताना त्याचा हवेशी कोन घटतो आणि दोन्ही बाजू आपोआप सारख्या होतात. जानेवारी 1923 मध्ये सी.4 माद्रिदजवळच्या हेताफे येथे उडाले.

वर-खाली होणारे पाते फेरीत पुढे-मागेही ओढले जाते. हा ताण मुळाशी साचत गेला. 1927 मध्ये इंग्लंडमध्ये एका यंत्राचे पाते उड्डाणात तुटले, तेव्हा उभी बिजागरीही आली. तिने नवे दुखणे आणले: जमिनीवर पाती एका बाजूला गोळा झाली तर रोटरचा गुरुत्वमध्य सरकतो, चाकांच्या स्प्रिंगा त्याच तालात डोलू लागतात आणि यंत्र काही सेकंदांत स्वतःला मोडून टाकू शकते. त्यासाठी उभ्या बिजागरीवर हेलकावे शोषणारे डॅम्पर लावावे लागतात.

18 सप्टेंबर 1928 रोजी सिएर्वाने सी.8 मधून एका प्रवाशासह इंग्लिश खाडी ओलांडली. अमेरिकेत विमाने बनवणाऱ्या हॅरोल्ड पिटकेर्नने हक्क घेतले. त्याचे एक यंत्र 22 एप्रिल 1931 रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर उतरले.

उड्डाणापूर्वी रोटरला गती देणे हा रोजचा प्रश्न होता. आधी पात्यांखालच्या खुंट्यांना दोर गुंडाळून माणसे तो ओढत. नंतर शेपूट वर वळवून पंख्याचा झोत रोटरवर सोडला जाई. शेवटी इंजिनाला क्लच जोडला. रोटरने पुरती गती घेण्याआधी यंत्र पुढे दामटले तर मागे जाणारे पाते स्टॉल होते, पाती ताणून धरणारे केंद्रोत्सारी बल कमी असल्याने ती जोराने उसळतात आणि यंत्र आडवे होते. उतरल्यावरही रोटर थांबेपर्यंत वैमानिकाला नियंत्रणाची दांडी पुढे धरावी लागे. नाहीतर वाऱ्याचा झोत यंत्र उलटवू शके.

दुसरी अडचण नियंत्रणाची. शेपटीचे आणि सुरुवातीच्या यंत्रांना असलेल्या स्थिर पंखांचे हलते नियंत्रण-पडदे मंद वेगात निकामी होतात, म्हणजे ज्या संथ वेगासाठी हे यंत्र घडवले, तिथेच ते हाताबाहेर जाई. 1933 च्या सी.30 मध्ये रोटरचा माथाच कलवण्याची सोय झाली, स्थिर पंख गेले. एव्ह्रो कंपनीने बनवलेल्या सी.30ए ला 140 अश्वशक्तीचे इंजिन आणि 11.28 मीटर व्यासाचा तीन पात्यांचा रोटर होता. ब्रिटिश हवाई दलाने दुसऱ्या महायुद्धात ही यंत्रे रडारची मापे तपासायला वापरली. हे काम कमी वेगाच्या यंत्राला उत्तम जमते.

9 डिसेंबर 1936 रोजी क्रॉयडन येथे डीसी-2 प्रवासी विमानाच्या अपघातात सिएर्वाचा मृत्यू झाला. ऑटोजायरो हे हेलिकॉप्टरपुढे हरलेले यंत्र मानले जाते. आमच्या मते हा अन्याय आहे, कारण बिजागऱ्यांचा रोटरमाथा आणि पात्यांच्या वागणुकीचे गणित हेलिकॉप्टरला इथूनच मिळाले. पिटकेर्नच्या कंपनीने रोटरच्या पेटंटांच्या वापराबद्दल 1951 मध्ये अमेरिकी सरकारवर दावा लावला. 1960 मध्ये पिटकेर्न वारला; निकाल कंपनीच्या बाजूने लागून भरपाई ठरली ती 1970 च्या दशकात.