स्पून की स्पिनर? चकाकतात दोन्ही, पण चालतात वेगळे

पंचगंगेवर रॉड घेऊन आलेल्या नव्या पोरांना विचारा काय लावलंय, तर सांगणार स्पून, आणि जवळ जाऊन बघितलं की निम्म्या वेळा स्पिनर निघतोय. दोन्ही माशाला फसवायची पत्र्याची चकाकती खोटी आमिषं. दुकानातपण दोन्ही एकाच डब्यात पडलेले असतात, मग गोंधळ होणारच.

स्पून म्हणजे पत्र्याचा एकच तुकडा, जरासा खोलगट, एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला गळ, बास. अमेरिकेत १८५२ ला ज्युलिओ ब्यूएलनं याचं पेटंट घेतलं. तिकडं ब्लूगिल, क्रॅपी असल्या हाताएवढ्या माशांना १ ते ३ ग्रॅमचा बारका स्पून लावतात. ते मासे आपल्याकडं नाहीत, पण चिलापीसाठी (तिलापिया) साइज तेवढाच घ्यायचा, तिचंपण तोंड बारीकच. आता चिलापी मेन खाते शेवाळ, त्यामुळं सारखी धरेल ही आशा सोडा, पण काठाजवळ खड्डा करून बसलेला नर असला तर तो समोर आलेल्या चमकत्या वस्तूवर चिडून येतोय.

स्पिनरमध्ये मधी तार असते आणि पत्रा तिच्याभोवती गरगर फिरतो. फ्रान्सच्या मेप्स कंपनीचा स्पिनर १९३८ पासूनचा, आजपण लोक तोच मागतात. पत्रा गोल असला की हळू ओढला तरी फिरतो आणि धडधड रॉडच्या टोकापर्यंत जाणवते, लांबट असला तर जोरात ओढावा लागतो.

खरा फरक बघायचा असेल तर रील थांबवा. बादलीत सोडून बघितलं तरी कळतंय, बारीक पत्र्याचा स्पून पिंपळाचं वाळकं पान पडतं तसा हेलकावे खात खाली जातो, आणि मासा बऱ्याचदा तेव्हाच धरतो, म्हणून लाइनवर नजर पाहिजे, खाली जाताना ती मधीच ढिली पडली किंवा बाजूला सरकली तर लगेच ओढायचं. स्पिनर थांबवला की त्यातला जीवच गेला, सरळ तळाला, वर केंदाळात अडकला तर शिव्या घालत बसा. म्हणून तो एकसारखा ओढत राहायचा. पाणी गढूळ असलं की मी स्पिनरच लावतो, दिसलं नाही तरी माशाला थरथर कळतीय. नितळ आणि खोल पाण्यात मात्र माझं मत स्पूनलाच, खाली सोडायचा, दोन वेळा उचलायचा, परत सोडायचा.

बरं, स्पूनपण लई जोरात ओढला तर डोलायचं सोडून नुसता फिरायला लागतो, आणि मग लाइनला पीळ पडतो. स्पिनरला तर पीळ ठरलेलाच, त्यामुळं फूटभर वर स्विव्हल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी कडी, पाहिजेच. स्पूनला तंगूस (लाइन) डायरेक्ट भोकात बांधू नका भावांनो, पत्र्याची कड लाइन कापते आणि डोलणंपण मरतं, छोटी रिंग नाहीतर स्नॅप (उघडझाप होणारी कडी) लावा. लाइन ४ पौंड ताण सोसणारी भरपूर झाली, जाड लावली की १ ग्रॅमचा स्पून लांब जातच नाही.

तीन तोंडाचा गळ आला असेल तर काढून एकेरी लावा, बारक्या माशाचं तोंड फाटत नाही आणि सोडायलापण सोपं. आणि तलाव असला तर मासेमारीचा ठेका कुणाचा हाय ते आधी विचारा, नाहीतर मासा राहिला बाजूला, रॉड जायचा.