बाजार संशोधनातील कारकीर्द

वस्तू किंवा सेवा कोण घेतो, का घेतो, कधी सोडतो आणि किती किमतीपर्यंत घेत राहतो, याचा पद्धतशीर शोध घेणे म्हणजे बाजार व ग्राहक संशोधन. अमेरिकेत चार्ल्स कूलिज पार्लिन यांनी १९११ मध्ये कर्टिस प्रकाशनसंस्थेसाठी हे काम सुरू केले आणि आर्थर नील्सन यांनी १९२३ मध्ये आपली संस्था काढली, तेव्हापासून त्याला स्वतंत्र व्यवसायाचे रूप येत गेले. आज या क्षेत्रात नोकऱ्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. संशोधन एजन्सी अनेक ग्राहक-कंपन्यांसाठी अभ्यास करते. कंपनीतला संशोधन विभाग अभ्यासाची गरज ठरवतो, एजन्सी नेमतो आणि निष्कर्ष निर्णय घेणाऱ्यांपर्यंत नेतो. सॉफ्टवेअर कंपन्यांमधील वापरकर्ता संशोधन ही अलीकडे रुळलेली तिसरी वाट.

प्रवेशासाठी एकच ठरावीक पदवी नाही. संख्याशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, व्यवस्थापन यांपैकी कशातूनही येता येते.

सुरुवात एजन्सीत करणे अधिक फायद्याचे, कारण तिथे आकडा तयार होताना दिसतो. नव्या माणसाने पहिल्या काही महिन्यांत मुलाखतकारांबरोबर फील्डवर, म्हणजे प्रत्यक्ष मुलाखती चालतात तिथे, जावे, फोनवरच्या मुलाखती ऐकाव्यात आणि फेरतपासणीत भाग घ्यावा. पूर्ण झालेल्या मुलाखतींपैकी साधारण १० ते २० टक्के उत्तरदात्यांशी पुन्हा संपर्क साधून मुलाखत खरोखर झाली का, किती वेळ चालली, मोजके प्रश्न विचारले गेले का, हे पाहणे म्हणजे फेरतपासणी. ऑनलाइन सर्वेक्षणात याच जागी वेगळ्या खुणा शोधतात: १२ मिनिटांची प्रश्नावली ३ मिनिटांत संपवणारे, किंवा सगळ्या ओळींत एकच पर्याय निवडत जाणारे उत्तरदाते. ही सफाई ज्याने स्वतः केलेली नाही, त्याला पुढे कोष्टकातला विचित्र आकडा खरा की सदोष हे ओळखता येत नाही.

प्रश्नावली हे या व्यवसायातले सर्वांत अवघड लेखन. ‘सेवा जलद आणि नम्र होती का?’ यात दोन प्रश्न आहेत. ‘नाही’ या उत्तराचा अर्थ लावता येत नाही. ‘हे उत्पादन घ्याल का?’ याला लोक प्रत्यक्षात घेतात त्यापेक्षा कितीतरी जास्त होकार देतात, म्हणून ‘गेल्या तीन महिन्यांत किती वेळा घेतले?’ असा वर्तनाचा प्रश्न आधी विचारावा. क्रमही महत्त्वाचा. ब्रँडची यादी एकदा दाखवली, की ‘कोणती नावे आठवतात?’ हा प्रश्न निरुपयोगी होतो. उत्पन्नासारखे नाजूक प्रश्न शेवटी ठेवतात, म्हणजे मुलाखत तुटली तरी मुख्य माहिती हाती राहते. फील्ड सुरू करण्यापूर्वी १० ते २० जणांवर पूर्वचाचणी घ्यावी. वेळ कमी आहे म्हणून नेमकी हीच पायरी गाळली जाते आणि चूक हजार मुलाखतींत उतरते.

नमुन्याच्या, म्हणजे निवडलेल्या उत्तरदात्यांच्या गटाच्या, आकारावर फार भर दिला जातो. यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या) नमुन्यात ९५ टक्के विश्वासपातळीवर (असे १०० नमुने घेतले तर सुमारे ९५ वेळा) ±५ टक्के चूकमर्यादेसाठी, म्हणजे खऱ्या आकड्यापासून तेवढ्याच अंतरात राहण्यासाठी, सुमारे ३८५ उत्तरदाते लागतात, ±३ टक्क्यांसाठी सुमारे १,०६७. चूकमर्यादा निम्मी करायची तर नमुना चौपट करावा लागतो. मात्र ४०० जणांचे आठ समान गट पाडले तर प्रत्येक गटात ५० उरतात आणि गटातली चूकमर्यादा ±१४ टक्क्यांच्या आसपास जाते. दोन गटांतील ८ टक्क्यांच्या फरकावर कथा रचणे ही नवख्यांची नेहमीची चूक. शिवाय मोठा नमुना म्हणजे चांगला नमुना नव्हे. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाने २० लाखांहून अधिक उत्तरे मिळवूनही लँडन जिंकतील असे सांगितले. जिंकले रूझवेल्ट. नावे टेलिफोन आणि मोटारधारकांच्या याद्यांतून घेतलेली होती, आणि उत्तर पाठवणारे न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते.

गुणात्मक कामात, म्हणजे आकड्यांऐवजी लोकांची मते आणि कारणे समजून घेताना, गटचर्चेला ६ ते ८ जण बोलावतात आणि ती दीड ते दोन तास चालते. एकच बोलका माणूस गट ओढून नेतो, म्हणून चर्चा उघडण्यापूर्वी प्रत्येकाला आपले मत कागदावर लिहायला लावणे उपयोगी पडते. पैसा, आजार अशा विषयांसाठी गट टाळून एकट्याची सखोल मुलाखत घ्यावी. चांगला मॉडरेटर (चर्चा चालवणारा) व्हायला दोन-तीन वर्षे तरी लागतात. शांतता सहन करणे आणि उत्तर न सुचवणे हे त्यातले निम्मे कौशल्य.

विश्लेषणासाठी एक्सेल उत्तम यावे, त्याबरोबर एसपीएसएस (संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर), आर किंवा पायथन (प्रोग्रामिंग भाषा) यांपैकी एक. परंतु कारकीर्द अडते ती बहुधा सॉफ्टवेअरपाशी नाही. अभ्यासाच्या उत्तरावर कोणता निर्णय अवलंबून आहे, हे ब्रीफ (अभ्यासाची मागणी) घेतानाच विचारले नाही तर १०० पानी अहवाल कोणी वाचत नाही. ‘निकाल असा आला तर काय कराल, आणि उलटा आला तर?’ दोन्हींचे उत्तर एकच असेल तर तो अभ्यास करू नये, असे स्पष्ट सांगावे. १९८५ मध्ये कोका-कोलाने जवळपास २ लाख चवचाचण्यांनंतर नवे पेय आणले आणि ७९ दिवसांत जुने परत आणावे लागले. चवीची पसंती मोजली गेली होती. जुने पेय नाहीसे होण्याने लोकांना काय वाटेल, हे त्या चाचण्यांतून कळणार नव्हते.

एजन्सीत तीन ते पाच वर्षे काढून कंपनीच्या बाजूला जाणे हा रूढ मार्ग आहे. तिथे एजन्सीचे अहवाल नुसते पुढे पाठवणारा माणूस लवकर अनावश्यक ठरतो. विक्रीचे आकडे, तक्रारी आणि जुने अभ्यास एकत्र वाचणारा टिकतो.

नोकरीच्या मुलाखतीत ग्राहक-कंपनीचा अहवाल दाखवणे हा गोपनीयतेचा भंग आहे, आणि अनुभवी नेमणूकदार तो लगेच हेरतात. त्याऐवजी स्वतःच्या खर्चाने केलेला छोटा अभ्यास न्यावा: ८ ते १० सखोल मुलाखती, त्यांची मार्गदर्शिका (विचारायच्या प्रश्नांची रूपरेषा), उत्तरदात्यांची संमतीपत्रे नावे झाकून, दोन पानी निष्कर्ष आणि नमुन्याच्या मर्यादा सांगणारा एक परिच्छेद.