मासेमारी बंदरावरील डिझेलसाठा व वितरण

यांत्रिक मासेमारी नौकांना लागणारे डिझेल बंदरावर आणणे, साठवणे आणि नौकेच्या टाकीपर्यंत पोहोचवणे या कामांची व्यवस्था; येथे ती ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यासंदर्भात पाहिली आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याकडे खुल्या समुद्राचा किनारा भाईंदरच्या पश्चिमेस उत्तन, पाली, चौक या कोळीवाड्यांच्या पट्ट्यापुरताच राहिला. नवी मुंबईतील दिवाळे, सारसोळे येथील मासेमारी प्रामुख्याने खाडीतली व लहान होड्यांची असल्यामुळे तिथे इंधनाची गरज थोडी असते. मोठ्या साठ्याचा प्रश्न उद्भवतो तो समुद्रात जाणाऱ्या नौकांच्या बंदरावर.

डिझेल हे पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार ‘ब’ वर्गात, म्हणजे २३ ते ६५ अंश सेल्सिअस यांदरम्यान ज्वलनांक (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेट घेते तो बिंदू) असलेल्या पदार्थांत मोडते. एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि १,००० लिटरहून मोठ्या नसलेल्या भांड्यांत ते परवान्याविना ठेवता येते. त्यापुढील साठ्याला परवाना लागतो आणि तो सामान्यतः जमिनीखालील पोलादी टाकीत करतात.

किनाऱ्यावर आगीइतकीच, किंबहुना रोजच्या व्यवहारात त्याहून अधिक, काळजी पाण्याची घ्यावी लागते. दमट खारी हवा टाकीला हवा खेळण्यासाठी बसवलेल्या नळीवाटे आत शिरते, रात्री तिच्यातील बाष्प गार पत्र्यावर धरते आणि ते पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते. पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून बुळबुळीत साका तयार होतो. तो पंपातून नौकेच्या टाकीत गेला की फिल्टर तुंबतो आणि इंजिन भर समुद्रात बंद पडते. म्हणून टँकर रिकामा करण्यापूर्वी व नंतर डिप घेतात: मापपट्टीच्या टोकाला पाणी ओळखणारे मलम लावून ती तळाला टेकेपर्यंत सोडतात आणि वर काढल्यावर मलमाचा रंग जिथवर बदलला असेल तितकी पाण्याची उंची धरतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात टाकी न हलता पडून राहते आणि त्यातच पावसाळा असतो. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर हे पाणी उपसून काढल्याशिवाय विक्री सुरू करणे धोक्याचे असते.

ठाण्याच्या किनाऱ्याला पुरवठ्याच्या दृष्टीने दुर्गम म्हणावे अशी स्थिती नाही, कारण मुंबईतील माहूलचे तेलशुद्धीकरण कारखाने जवळ आहेत. खरी अडचण असते ती शेवटच्या काही मीटरची. उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत सुमारे ५ मीटरपर्यंत फरक पडतो, आणि ओहोटीला उथळ किनाऱ्यावरच्या धक्क्याजवळ पाणी उरले नाही तर नळी नौकेपर्यंत पोहोचत नाही. मग डिझेल पिंपांत किंवा कॅनमध्ये भरून होडक्यातून न्यावे लागते. यात सांडलवंड होते, मापाची तक्रार उद्भवते आणि समुद्राच्या पाण्यावर तेलाचा तवंग येतो. मागणीही एकसारखी नसते. डोल जाळे (प्रवाहात एका जागी बांधून ठेवलेले पिशवीसारखे जाळे) प्रवाहाच्या जोरावर चालत असल्याने भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमजोर असण्याच्या, दिवसांत ते काम मंदावते आणि उधाण जवळ येताच नौका भरून घेण्याची घाई सुरू होते. उधाण-भांग चंद्राच्या कलांप्रमाणे येत असल्यामुळे टँकर मागवताना मच्छिमार संस्थेला तारखेपेक्षा तिथी अधिक उपयोगी पडते.

वितरण बहुतांशी मच्छिमार सहकारी संस्थांमार्फत होते. शासन डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा नोंदणीकृत, परवानाधारक नौकांना मंजूर कोट्यापुरता देते. मात्र नौकामालकाला आधी पूर्ण दर मोजावा लागतो आणि परतावा मागाहून मिळतो, त्यामुळे परतावा थकला की सफरीचे भांडवलच अडकते. संस्था घाऊक ग्राहक गणल्या गेल्याचा तोटा मार्च २०२२ मध्ये उघड झाला: मुंबईत घाऊक दर लिटरला १२२.०५ रुपयांवर गेला, तर किरकोळ दर ९४.१४ रुपयांवर रोखून धरलेला होता. परिणामी बंदरावर संस्थेचा पंप असूनही रस्त्यावरच्या पंपावरून डिझेल आणणे मच्छिमारांना स्वस्त पडू लागले.