गरोदरपणातली गोळी आणि तिचा माग

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. गरोदरपणातल्या कोणत्या औषधाने बाळाला अपाय झाला, याचा माग काढायचा तर हीच रीत आडवी येते. बाळाचे अवयव घडतात ते पहिल्या काही आठवड्यांत, पुष्कळदा दिवस गेल्याचं कळायच्या आत. तेव्हाच्या गोळ्या सासरी, समजा आटपाडीत घेतलेल्या. प्रसूती होते मिरजेत. माता-बाल संरक्षण कार्डावर लोहाच्या गोळ्या लिहिलेल्या असतात, मेडिकलमधून आणलेली डोकेदुखीची गोळी नसते. दुकानदार कात्रीने चार गोळ्या कापून देतो. औषधाचं नाव नि बॅच नंबर बहुधा दुकानातल्या तुकड्यावरच राहतो.

हीच गाठ सोडवताना १९६१ साली जर्मनीत विडुकिंड लेन्झ या बालरोगतज्ज्ञाची दमछाक झाली होती. हात-पाय खुंटलेली बाळं का जन्मतात, याचा ते शोध घेत होते. कॉन्टरगन, म्हणजे थॅलिडोमाइड, १९५७ पासून झोपेची निर्धोक गोळी म्हणून विकली जात होती. इतकी निर्धोक, की अनेक आयांना ती सांगण्याजोगीही वाटली नव्हती. थेट नाव घेऊन विचारल्यावर कितीतरी जणींना आठवली. नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत गोळी बाजारातून गेली, पण तोवर जगभरात दहा हजारांच्या आसपास बाळांना झळ पोचली होती. अमेरिकेत औषध प्रशासनातल्या फ्रान्सिस केल्सी यांनी पुरावा अपुरा म्हणून तिला मंजुरीच दिली नव्हती. दुष्परिणाम कळवण्याची ब्रिटनमधली ‘यलो कार्ड’ पद्धत (१९६४) आणि जागतिक आरोग्य संघटनेचा कार्यक्रम (१९६८) या धक्क्यातूनच आले.

थॅलिडोमाइडचं व्यंग दुर्मीळ, म्हणून नजरेत भरलं. खरी कसोटी व्हॅल्प्रोएटची. फिटवरच्या या औषधाने बाळाच्या मणक्यात दोष राहू शकतो, हे १९८२ मध्ये फ्रान्समधल्या लियॉंला ध्यानात आलं, कारण तिथे जन्मजात व्यंगांची नोंदवही होती. बुद्धीवरचा परिणाम तर मूल शाळेच्या वयाचं झाल्यावर दिसतो; तो सिद्ध व्हायला आणखी वर्षं गेली. तरीही फिटची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. झटके आई-बाळ दोघांनाही धोक्याचे. औषध बदलायचं ते डॉक्टरांना विचारून, शक्यतो दिवस जाण्याआधी.

आपल्याकडे या कामाचा नमुना केरळात आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून फिटचा आजार असलेल्या गर्भवतींची नोंद ठेवली जाते. औषधांचे दुष्परिणाम नोंदवणारा देशपातळीवरचा औषधदक्षता कार्यक्रम २०१० चा. त्याचं केंद्र आता गाझियाबादला. त्याच्या फॉर्ममध्ये जन्मजात व्यंगासाठी वेगळा रकाना आहे, आणि रुग्णांनी स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही मिळतो. १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री नंबरही आहे. पण फॉर्म भरायचा तर गोळीचं नाव ठाऊक हवं. चार गोळ्या घेताना ते दुकानदाराकडून कार्डाच्या मागे लिहून घ्यावं. माहेरी जाताना कार्ड सोबत जातंच.