भुयारी गटाराची जोडणी : अर्ज नेमका कुठे अडतो

गटाराची लाइन दारापर्यंत आली की घराची जोडणी आपोआप होते, असं बरेच जण धरून चालतात. तसं होत नाही. त्यासाठी घरमालकाला नगरपरिषदेकडे वेगळा अर्ज करावा लागतो. अर्ज, ओळखपत्र, घरपट्टीचा आकारणी उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला आणि नोंदणीकृत प्लंबरच्या सहीचा नकाशा एवढे कागद साधारण सगळीकडे मागतात. शुल्क आणि अनामत नगरपरिषदेनुसार बदलते, ती खिडकीवर विचारून घ्या.

सगळ्यात जास्त अर्ज परत येतात ते उताऱ्यावरच्या नावामुळे. आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी घरपट्टीच्या पावत्या दुधाच्या पिशवीत वर्षानुवर्षं जपून ठेवल्यात, एकही वर्ष चुकलेलं नाही. पण प्रत्येक पावतीवर नाव त्यांच्या वारलेल्या यजमानांचं. तीन खेपा झाल्या. पैसे घेताना जे नाव चालतं ते जोडणी देताना चालत नाही, आणि हे पहिल्याच खेपेला त्यांना कुणी सांगितलं नाही, याचा मला राग येतो. तुमच्या उताऱ्यावर वडिलांचं किंवा आजोबांचं नाव असेल तर आधी वारसाहक्काने नाव लावून घ्या : मृत्यू दाखला, वारसांची माहिती, बाकीच्या भावाबहिणींची संमती. बहीण सासरी लांब असेल तर संमतीपत्र आत्ताच मागवून ठेवा, तिथेच महिने जातात.

दुसरा घोळ मुदतीचा. जलनिःसारण जोडणी, म्हणजे हीच गटाराची जोडणी, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली येते आणि मुदत 15 दिवसांची आहे. हे दिवस सगळे कागद पूर्ण जमा झाल्यापासून मोजतात, पहिल्या अर्जाच्या तारखेपासून नाही. म्हणून अर्जाचा क्रमांक, तारीख आणि मुदत लिहिलेली पोच हातात घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘त्रुटी आहे, उद्या या’ हे तोंडी उत्तर ऐकून परत येऊ नका, त्रुटी लिहून मागा. नकार द्यायचा तर कारणासह लेखी द्यावा लागतो, आणि त्यानंतर किंवा मुदत उलटल्यावर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. ‘बघू’ म्हणत लोक नेमके हेच 30 दिवस घालवतात.

नळी रस्ता ओलांडून जाणार असेल तर खोदाईची परवानगी वेगळी. पावसाळ्यात ती बहुतेक ठिकाणी बंद असते, तेव्हा दिवाळीनंतर लगेच अर्ज टाका.

नकाशात गच्चीच्या पावसाचा पाइप भुयारी गटाराच्याच चेंबरला जोडलेला दाखवला तर अर्ज नामंजूर होतो, आणि इथे कार्यालयाचं बरोबर आहे. शुद्धीकरण केंद्रात मैला खाणारे जिवाणू वाढवलेले असतात. पावसाचा लोंढा आला की ते पाण्याबरोबर वाहून जातात आणि अर्धवट शुद्ध झालेलं पाणी नदीत पोचतं. छोट्या गावाचं केंद्र लहान, त्यामुळे शे-दोनशे गच्च्यांचं पाणीही त्याला झेपत नाही. पावसाची नळी बाहेरच्या उघड्या गटारात सोडा.

जोडणी झाली की जुनी सेप्टिक टाकी मैला उपसणाऱ्या गाडीकडून रिकामी करून मुरुमाने भरून घ्या. दोन पैसे वाचवायला कुणालाही आत उतरवू नका. आतल्या वायूने माणूस क्षणात कोसळतो, आणि हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने असं उतरवणं गुन्हाही आहे. गाडी मिळत नसेल तर 14420 या गटार आणि सेप्टिक टाकी सफाईच्या हेल्पलाइनवर फोन करा.