मेपल पाक

शर्करा मेपल (एसर सॅकॅरम) या पानझडी वृक्षाच्या खोडातून हिवाळ्याच्या अखेरीस पाझरणारा रस आटवून केलेला पाक. कॅनडा व अमेरिकेत तो ‘मेपल सिरप’ या नावाने विकला जातो. या वृक्षाचा समावेश पूर्वी ॲसरेसी कुलात करीत. आता तो सॅपिंडेसी म्हणजे रिठ्याच्या कुलात करतात. तांबड्या व रुपेरी मेपलचा रसही चालतो, पण त्यात साखर कमी असते. जगातील बहुतांश पाक कॅनडातील क्वेबेक प्रांतात होतो. अमेरिकेत व्हर्माँट राज्य अग्रेसर आहे.

उगमाविषयी मतभेद आहेत. अनिशिनाबे, हौडेनोसौनी, अबेनाकी इ. मूलनिवासींच्या परंपरेत रस गोळा करण्याचा हंगाम फार जुना मानतात. अनिशिनाबेंच्या ओजिब्वे भाषेत मेपल-साखरेला ‘झीन्झिबाक्वाड’ असा स्वतंत्र शब्द आहे. उलट कॅरल मेसन यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी १९८० नंतर असा आक्षेप घेतला, की धातूच्या कढयांशिवाय साखर होईपर्यंत रस आटवणे दुष्कर होते; सबब हे तंत्र युरोपीयांबरोबर आले असावे. मात्र मातीची भांडी, भूर्जसालीच्या द्रोणांत टाकलेले तापलेले दगड, तसेच रस गोठवून वरचा बर्फ काढून टाकणे, हे मार्ग मूलनिवासींना उपलब्ध होते. फ्रेंच धर्मप्रचारक लाफितो यांनी १७२४ मध्ये ही कृती फ्रेंचांनी मूलनिवासी स्त्रियांकडून उचलल्याचे नोंदविले आहे. हा पुरावा पाहता मूळ ज्ञान स्थानिकांचे व लोखंडी-तांब्याच्या कढयांमुळे उत्पादन वाढले, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

रस वाहण्याला रात्री गोठणबिंदूखाली व दिवसा त्यावर जाणारे तापमान लागते. मेपलच्या काष्ठातील तंतुपेशींत (खोडाला आधार देणाऱ्या पेशींत) वायू असतो. थंडीत तेथे बर्फ साचून वायू दाबला जातो व मुळांकडून पाणी वर ओढले जाते. बर्फ वितळताच दाबलेला वायू रसाला बाहेर लोटतो. वाहिन्यांतील साखरेमुळे निर्माण होणारा तर्षण दाबही (साखर अधिक असलेल्या बाजूकडे पाणी ओढले गेल्याने येणारा दाब) यास साहाय्य करतो. भूर्जाचा रस मात्र मूलदाबाने (मुळांनी पाणी वर ढकलल्याने येणाऱ्या दाबाने) वाहतो. मेपलला कळ्या फुटू लागल्या की रसाला उग्र चव येते व हंगाम संपतो.

घरगुती कृतीत २५–३० सेंमी. व्यासाच्या निरोगी झाडाला सु. ८ मिमी. रुंद व ४–५ सेंमी. खोल, बाहेरच्या बाजूस किंचित उतरते छिद्र पाडून तोटी बसवितात. रस दुधासारखा नासतो, म्हणून थंड ठेवून लवकर आटवावा. त्यात साखर जेमतेम २ टक्के असते. ‘८६ च्या नियमा’नुसार ८६ ला या टक्केवारीने भागले की १ लिटर पाकाला किती रस लागेल ते कळते, २ टक्क्यांना ४३ लिटर. उसाच्या रसापासून काकवी करणाऱ्याला हे प्रमाण अविश्वसनीय वाटेल. एवढी वाफ स्वयंपाकघरात कोंडू नये. चूल अंगणात मांडावी. पसरट कढई घ्यावी, कारण पृष्ठभाग जितका मोठा तितके आटणे जलद. उतू जाऊ लागल्यास लोण्याचा लहानसा गोळा टाकला की फेस बसतो.

नवशिक्याचा पाक बहुधा शेवटच्या टप्प्यातच करपतो. साखर ५० टक्के झाली तरी उत्कलनबिंदू पाण्यापेक्षा जेमतेम २° से. वर असतो, पुढे तो झपाट्याने चढतो. म्हणून थोडा रस उरताच तो लहान पातेल्यात काढून मंद आचेवर ठेवावा. पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सु. ४° से. अधिक (समुद्रसपाटीला सु. १०४° से.) तापमानाला पाक तयार होतो. हवेच्या दाबानुसार हा आकडा बदलतो, यास्तव त्याच दिवशी साधे पाणी उकळून तापमापक पडताळावा. चमच्यावरून थेंबांऐवजी पदरासारखा सलग उतरणे ही जुनी पारख. साखर ६६ टक्क्यांहून कमी राहिल्यास पाक आंबतो, फार वाढल्यास स्फटिक धरतात. गरम असतानाच लोकरी गाळणीतून गाळून मुख्यतः कॅल्शियम मॅलेटचा वाळूसारखा गाळ काढतात व सु. ८५° से.ला बाटल्या भरतात.

हिमालयातही एसर सीझियम, एसर ऑब्लाँगम इ. मेपल जाती आढळतात. त्यांच्या खोडावरील गाठींपासून तिबेटी पेले कोरतात.