बालोस की एलाफोनिसी? क्रीटच्या पश्चिम टोकाचे दोन किनारे

क्रीटचे फोटो पाहताना हे दोन किनारे हमखास एकमेकांत मिसळतात. दोन्ही ग्रीसच्या या सर्वांत मोठ्या बेटाच्या पश्चिम टोकाला आहेत आणि हानिया शहरातून यांपैकी कुठल्याही एकाला एका दिवसात जाऊन येता येतं. दोन्हीकडे गुडघाभर पाण्याचं फिकट निळं लगून (समुद्राचा अडवलेला उथळ भाग) आहे आणि दोन्हींची जाहिरात ‘गुलाबी वाळू’ म्हणूनच होते. पण बालोस वायव्य टोकाला आहे, एलाफोनिसी नैर्ऋत्य टोकाला. पोहोचायचे कष्टही दोन्हीकडे सारखे नाहीत. आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर हा फरक आधीच समजून घ्या.

फोटो कुठला ते ओळखायची खूण सोपी आहे. फोटो उंचावरून काढलेला असेल, खाली निळ्या-हिरव्या पाण्याचे पट्टे आणि त्यामागे तिगानी भूशिराचा काळपट खडक दिसत असेल, तर ते बालोस. एलाफोनिसीचा परिसर सपाट आहे, वर चढून पाहावं असा कडाच तिथे किनाऱ्यालगत नाही. तिथले फोटो बहुधा पाण्यात उभं राहून काढलेले असतात.

बालोसचं खरं वैभव वरून दिसणारं दृश्य हेच आहे, आणि ते गाडीने जाणाऱ्यालाच मिळतं. किसामोस गावाजवळच्या कालिविआनीपासून ग्राम्वूसा द्वीपकल्पावर साधारण 8 किलोमीटर कच्चा, दगडगोट्यांचा रस्ता आहे. ताशी 15-20 च्या वर वेग नेऊ नये. टोकदार दगडांनी टायर फाटतात, आणि भाड्याच्या गाडीचा विमा बहुतेक वेळा टायर आणि गाडीचा तळ धरत नाही. करारात कच्च्या रस्त्याबद्दलचं कलम सही करण्याआधी वाचा. ऐन हंगामात 9 च्या आत वर पोहोचावं. नंतर वाहनतळ भरतो, गाड्या रस्त्याच्या कडेने लागत जातात आणि चालायचं अंतर वाढतं. शेळ्या गाड्यांच्या सावलीला येऊन बसतात, म्हणून निघताना चाकांपाशी वाकून पाहा.

वाहनतळापासून खाली उतरायला 20-25 मिनिटं लागतात. शेवटी पायऱ्या आहेत. खरा प्रश्न परत चढण्याचा. दुपारी 3 वाजता, सावलीचा पत्ता नसताना, त्याच पायऱ्या चढायला 35-40 मिनिटं जातात. माणशी दीड-दोन लिटर पाणी आणि बूट हवेतच, चपला पुरत नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांनी हा मार्ग धरू नये.

दुसरा मार्ग किसामोस बंदरातून बोटीचा. बोट साधारण सकाळी 10 च्या सुमारास निघते, तासाभराचा प्रवास असतो, आणि बहुतेक फेऱ्या इमेरी ग्राम्वूसा या बेटावरही थांबतात. तिथे 137 मीटर उंचीवर व्हेनिसच्या लोकांनी 1579 ते 1584 या काळात बांधलेला किल्ला आहे. वीसेक मिनिटांची चढण आहे. किल्ल्यांची आवड असलेल्या मराठी माणसाने ती चुकवू नये. बोटीने चढउतार वाचतो, पण वरचं दृश्य मिळत नाही, आणि शेकडो माणसं एकाच वेळी किनाऱ्यावर उतरतात. बालोसची शांत वेळ सकाळी, पहिली बोट लागायच्या आधीची.

(गाव शोधताना एक काळजी घ्या. किसामोसलाच कास्तेली असंही म्हणतात, आणि हेराक्लिऑनच्या बाजूला दुसरं कास्तेली आहे. मोबाइलच्या नकाशात चुकीचं कास्तेली निवडलंत तर पूर्वेला भलतीकडे पोहोचाल.)

एलाफोनिसी हानियाहून सुमारे 75 किलोमीटर, गाडीने दीड तास. रस्ता शेवटपर्यंत डांबरी आहे, पण डोंगरातून जातो आणि वळणं भरपूर आहेत. तोपोलिया घळीतला बोगदा एकेरी आहे. सिग्नल हिरवा होईपर्यंत थांबायचं, पुढची गाडी गेली म्हणून तिच्यामागे घुसायचं नाही. उन्हाळ्यात हानियाहून केतेएल या सार्वजनिक बससेवेची बस सकाळी जाते आणि दुपारनंतर परतते. गाडी न चालवणाऱ्यांसाठी हीच सोय. बालोसपर्यंत अशी बस नाही, बस फार तर किसामोसला सोडते. भारतीय परवान्यावर गाडी घ्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या. आणि तिथे वाहनं उजव्या बाजूने चालतात.

इथे वाहनतळापासून काही मिनिटांत पाणी. किनारा आणि समोरचं लहान बेट यांच्यामध्ये उथळ पट्टा आहे, तो पायांनी ओलांडायचा. अलिबागला कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटीची वेळ गाठावी लागते. इथे तसं वेळापत्रक नाही, कारण भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जेमतेम असते. पाणी घोट्याइतकं आहे की मांडीपर्यंत, हे वारा ठरवतो. दक्षिणेचा वारा लागला की पाणी पट्ट्यात ढकललं जातं, म्हणून पासपोर्ट आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा.

भाड्याच्या छत्र्या आणि खुर्च्या मुख्य किनाऱ्यावर असतात आणि गर्दीही तिथेच. बेटावर पंधरा मिनिटं चालत पुढे गेलात की गर्दी विरळ होते. वाळूच्या टेकड्यांवर समुद्रलिलीची पांढरी फुलं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलतात. दोरी लावलेली असेल तिथे पाऊल टाकू नका. त्या झाडांची मुळंच वाळू धरून ठेवतात. बेटाच्या उंचवट्यावर 1824 मध्ये इथे मारल्या गेलेल्या शेकडो क्रीटवासीयांचं स्मारक आहे. इथे लपलेल्यांत बायकामुलं बरीच होती. तिथे दोन मिनिटं थांबावं.

आता गुलाबी वाळूबद्दल. सगळा किनारा गुलाबी आहे, ही समजूत घेऊन गेलं तर निराशा होते. हा रंग शिंपल्यांच्या आणि सूक्ष्म सागरी जीवांच्या लालसर कवचांच्या चुऱ्याचा असतो. लाट तो चुरा पाण्याच्या कडेला आणून सोडते, त्यामुळे रंग ओल्या पट्ट्यातच गडद दिसतो. भर दुपारच्या उन्हात तीच वाळू पांढरी वाटते. रंग पाहायचा असेल तर एलाफोनिसीच निवडा, सकाळी लवकर किंवा 5 नंतर. बालोसला तो फिकाच असतो. वाळू बाटलीत भरून आणायला दोन्हीकडे मनाई आहे.

पोहणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: दोन्ही लगून डुंबण्याजोगी आहेत, पोहण्याजोगी नाहीत. हातपाय मारायचे तर लगूनच्या बाहेरच्या बाजूला जावं लागतं. तिथे तळ लवकर खोल जातो, मुलांना एकटं सोडू नका.

शेवटी निवड वाऱ्यावर येते. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा वारा कित्येक दिवस सलग वाहतो. बालोस उत्तरेच्या टोकाला उघडं पडलेलं आहे. वाळू अंगाला टोचते आणि बोटी रद्द होतात. हवामान अंदाजात वारा बोफर्ट मापात देतात (आकडा मोठा तितका वाऱ्याचा जोर जास्त): 4 पर्यंत खुशाल जा, 5 असेल तर बोटवाल्याला आदल्या संध्याकाळी विचारा, 6 असेल तर बेत बदला. एलाफोनिसीलाही अशा वाऱ्यात वाळू उडते, पण पट्ट्याच्या एका बाजूचं पाणी खवळलं तर बेटाच्या आडोशाला शांत कोपरा शोधता येतो.

दोन्ही एकाच दिवशी करण्याचा बेत बरेच जण आखतात. किसामोसहून एलाफोनिसीला पोहोचायला तास तरी लागतो, आणि दोन्हीकडची चांगली वेळ सकाळचीच. मग एक किनारा नक्की भर दुपारी, गर्दीत पाहिला जातो. एकच दिवस असेल आणि बरोबर मुलं किंवा ज्येष्ठ असतील तर एलाफोनिसी. चालायची तयारी असेल आणि वारा पडलेला असेल तर बालोस. दोन-तीन दिवस हाताशी असतील तर किसामोसमध्येच मुक्काम करा, त्यातला सर्वांत कमी वाऱ्याचा दिवस बालोससाठी राखून ठेवा आणि उरलेल्या एका संध्याकाळी जवळच्या फालासार्नाच्या लांबलचक किनाऱ्यावर सूर्यास्त पाहायला जा. तिथपर्यंत रस्ता डांबरी आहे.